झरमॅट: गावकीच्या मालकीचा बर्फ

स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात एक साबण करणारा माणूस होता, अलेक्झांडर सायलर. मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी, १६०० मीटर उंचीवरच्या झरमॅट नावाच्या गरीब खेड्यात त्याने एक छोटी खानावळवजा सराई चालवायला घेतली आणि १८५५ मध्ये तिला ‘मॉन्टे रोझा’ हॉटेल असं नाव दिलं. इंग्रज गिर्यारोहक तिथे उतरू लागले, गावात पैसा खेळू लागला. मग सायलरने गावकीचं सभासदत्व मागितलं, तेव्हा गावाने स्वच्छ नकार दिला. १८७१ पासून हा वाद तालुका, प्रांत, संघराज्य असा वर वर चढत गेला. अखेर १८८९ मध्ये गावाला त्याला सामावून घ्यावं लागलं, आणि दोनच वर्षांनी सायलर वारला.

एवढा विरोध कशासाठी, तर गावकीचा सभासद झाला की कुरणं, जंगल, पाणी आणि डोंगर यांत वाटा मिळतो. गोव्यातली गावकारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सायलरशी भांडण चालू असतानाच गावकऱ्यांनी स्वतःचं मोठं हॉटेल बांधायला घेतलं. घराघरातून माणसं राबली आणि १८७९ मध्ये ‘झरमॅटरहोफ’ उभं राहिलं. हॉटेल कसं चालवतात हे मात्र गावात कोणालाच येत नव्हतं, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं ते सायलर कुटुंबच भाडेपट्ट्याने चालवत होतं! आज ते गावातलं पंचतारांकित हॉटेल आहे आणि मालकी गावकीचीच आहे. डोंगरावरची अनेक उपाहारगृहंही गावकीची, रोपवे कंपनीतही तिचा मोठा वाटा. आल्प्समधल्या स्की-गावांबद्दल लिहिताना बर्फाची खोली आणि उतारांची लांबी यांचीच चर्चा होते. झरमॅट बारमाही चालतं त्याचं कारण मला मात्र या सातबाऱ्यात दिसतं.

गावाची जाहिरात केली ती एका अपघाताने. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा साथीदार ४४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोहोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे उत्तरेच्या कड्यावरून खाली गेले. वाचले तिघे: व्हिंपर आणि झरमॅटचे वाटाडे टाउगवाल्डर बाप-लेक. दोर कापला की तुटला यावर युरोपभर कुजबुज झाली. चौकशीत थोरला टाउगवाल्डर निर्दोष ठरला, तरी संशय काही सुटला नाही. तो तुटका दोर गावातल्या संग्रहालयात काचेआड ठेवला आहे. बोटाएवढासुद्धा जाड नाही, आणि त्याच्याकडे पाहिल्यावर बाकी खुलाशांची गरज उरत नाही. या प्रसंगाने लोक घाबरून दूर राहतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. डोंगर पाहायला माणसांची रीघ लागली, ती अजून थांबलेली नाही. १८६५ पासून या एका शिखरावर पाचशेहून अधिक माणसं गेली आहेत. गावच्या चर्चजवळ गिर्यारोहकांच्या थडग्यांची वेगळी जागा आहे. तिथली वयं वाचत फिरलं की बहुतेक विशी-तिशीतले निघतात.

गाव मुळात उन्हाळ्याचं. १८९१ मध्ये फिस्पपासून रेल्वे आली तीही फक्त उन्हाळ्यात धावायची. हिवाळ्यात हॉटेलांना कुलपं, गावकरी गुराढोरांसह घरात. १८९८ मध्ये गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे सुरू झाली, स्वित्झर्लंडमधली पहिली विजेवर चालणारी दातेरी रेल्वे. ती ३०८९ मीटरपर्यंत चढते आणि उतरताना तिचीच मोटार वीज तयार करून तारेत परत सोडते. वर पोहोचलं की गोर्नर हिमनदी आणि स्वित्झर्लंडचं सर्वोच्च शिखर असलेलं ४६३४ मीटरचं दुफूरश्पिट्झ समोर उभं राहतं. हिवाळी पाहुणे मात्र १९२०च्या दशकाच्या अखेरीस आले. सायलर घराण्यातल्याच पुढच्या पिढीने इंग्रज पाहुण्यांना घोड्यांच्या बर्फगाड्यांतून वर आणलं, आणि मग रेल्वेनेही हिवाळ्यात धावायचं मनावर घेतलं. आज इटलीच्या बाजूचं चेर्विनिया धरून ३६० किलोमीटरचे स्की-उतार इथे आहेत. सकाळी स्वित्झर्लंडात स्की बांधायच्या, दुपारी इटलीत पास्ता खायचा, आणि रोपवेचा शेवटचा पाळणा चुकला तर रात्र तिथेच काढायची!

झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. पाच किलोमीटर अलीकडच्या टेश गावात गाडी लावायची आणि बारा मिनिटांच्या शटल रेल्वेने यायचं. टेशच्या वाहनतळात दोन हजारांवर गाड्या मावतात. रस्ता आहे, पण तो परवान्याशिवाय वापरता येत नाही. आपल्या माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरावं लागतं, तसंच हे. फरक असा की माथेरानात घोडे आणि हातरिक्षा यांच्यात ई-रिक्षा आणायची की नाही यावर न्यायालयात वर्षानुवर्षं खल झाला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा बंद करायला सांगितल्या तेव्हा कुठे काही ठरलं. झरमॅटने विजेच्या गाड्या गावातच बनवल्या. पत्र्याच्या खोक्यासारख्या त्या चौकोनी गाड्या स्थानिक कारखान्यांत तयार होतात. दिसायला ओबडधोबड, पण टिकतात. शांततेच्या शोधात येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मुख्य रस्त्यावर त्या मागून बिनआवाज येतात आणि दचकवतात.

उन्हाळ्यातलं झरमॅट मला हिवाळ्यापेक्षा सरस वाटतं. सुनेगाला नेणारी डोंगराच्या पोटातली फ्युनिक्युलर रेल्वे १९८० पासून चालते, आणि काही मिनिटांत माणूस झाडांच्या रेषेवर जातो. तिथून पुढे ब्लाउहर्डहून पाच तळ्यांची पायवाट निघते. वारा नसेल तर त्यांतल्या श्टेलिसे तळ्याच्या पाण्यात मॅटरहॉर्न उलटा दिसतो, म्हणून पहाटे कॅमेरेवाल्यांची जत्रा असते. ग्रुनसे तळ्याच्या वाट्याला एवढं कौतुक येत नाही, म्हणून बसायला तेच बरं. जुलै-ऑगस्टमध्ये बकऱ्यांचा कळप सकाळी मुख्य रस्त्याने चरायला जातो आणि संध्याकाळी परततो. पर्यटकांसाठीच केलेला देखावा आहे, पण बकऱ्यांना ते कोणी सांगितलेलं नाही. काळ्या तोंडाच्या वालिस मेंढ्या मात्र खरोखर पाळलेल्या आहेत. गावाच्या जुन्या भागात, हिंटरडोर्फमध्ये, लाकडी कोठारं दगडी चकत्यांवर उभी आहेत. उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून ही योजना. हजारो रुपयांची तिकिटं काढून माणसं पाळण्यात बसतात आणि फुकटात दिसणारी ही गल्ली बघायची राहून जाते.

आता वरचा बर्फ. ३८८३ मीटरवरचं क्लाइन मॅटरहॉर्न हे युरोपातलं सर्वांत उंच पाळणा-स्थानक. १९७९ मध्ये तिथे पहिला पाळणा गेला, २०१८ मध्ये नवा आला, आणि २०२३ मध्ये पुढचा टप्पा जोडून थेट इटलीत उतरायची सोय झाली. थिओडुल हिमनदीवर वर्षाचे ३६५ दिवस स्की करता येतं, ही झरमॅटची सर्वांत मोठी फुशारकी. ऑगस्टमध्ये अनेक देशांचे संघ इथे सराव करतात. २००८ मध्ये रोपवे कंपनीने इस्रायलचं एक यंत्र आणलं, जे तापमान शून्याच्या वर असतानाही बर्फ पाडतं. मूळ तंत्र समुद्राचं पाणी गोडं करण्याचं, आणि ते खोल खाणी थंड करण्यासाठीही वापरलं गेलं होतं.

२०२२ च्या जुलैअखेरीस मात्र उष्णतेमुळे हिमनदीवरचं स्कीइंग थांबवावं लागलं. त्या आणि पुढच्या वर्षी मिळून स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. पुरुषांच्या विश्वचषक स्की-शर्यती इथे भरवायचा बेत दोन्ही वर्षी फसला, एकदा बर्फ नाही म्हणून, एकदा वारा आणि हिमवृष्टी म्हणून, आणि मग वेळापत्रकातून तो नाहीसाच झाला. मॅटरहॉर्नच्या खडकांना धरून ठेवणारा गोठलेला थरही सैल होतो आहे. २००३ च्या उन्हाळ्यात हॉर्नली धारेवर दरड कोसळली आणि अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं.

हेलिकॉप्टरांचं इथलं काम वेगळ्या लेखाचा विषय आहे, तरी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६८ मध्ये सुरू झालेल्या एअर झरमॅटच्या माणसांनी २०१० मध्ये नेपाळात जाऊन अन्नपूर्णेवर सुमारे ७००० मीटरवरून तिघा स्पॅनिश गिर्यारोहकांना दोरीला लटकवून खाली आणलं. हिमालयाला ते शिकवायला गेले, असं नेपाळी वाटाड्यांना वाटलं नसेल, पण तंत्र एअर झरमॅटकडेच होतं.

संकटं बर्फातूनच येतात असं नाही. १९६३ मध्ये झरमॅटच्या पाण्यातून विषमज्वर पसरला. चारशेवर माणसं आजारी पडली, तिघे दगावले, हंगामाच्या मध्यात गाव रिकामं झालं. २०१८ च्या जानेवारीत हिमवृष्टीने रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडून सुमारे १३,००० पर्यटक अडकले. आता दुखणं वेगळं आहे. गावात राहती वस्ती सहा हजारांच्या आत, हॉटेलांत-भांड्यांवर-रोपवेवर राबणाऱ्यांत मोठा वाटा पोर्तुगीजांचा, आणि त्यांना परवडणारं घर गावात नाही. सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांना आळा घालणारा कौल स्विस जनतेने २०१२ मध्ये दिला, पण जागाच थोडी आहे. डोंगर गावकीचा असला तरी भाड्याची खोली बाजारभावाचीच.

मराठी सहलींचा रिवाज टिटलिस आणि युंगफ्राउयोखचा आहे, आणि एका दिवसात बर्फ पाहून परतायचं असेल तर तेच सोयीचं. झरमॅटला तीन दिवस काढूनच जावं. एप्रिल २०२० मध्ये मॅटरहॉर्नवर प्रकाशाने तिरंगा उमटला होता, तेव्हा कित्येकांनी या डोंगराचं नाव प्रथम ऐकलं. त्याआधी टोब्लेरोनच्या डब्यावर तो सगळ्यांनी पाहिला होता. चॉकलेटचं काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवण्याचं ठरलं म्हणून २०२३ मध्ये तेही चित्र बदललं.

जायचं असेल तर मे आणि नोव्हेंबर टाळा, तेव्हा अर्धं गाव बंद असतं. स्की शिकायची असेल तर जानेवारी ते मार्च. नुसतं पाहायचं आणि चालायचं असेल तर सप्टेंबर: हवा स्वच्छ, गर्दी ओसरलेली, आणि पाच तळ्यांची वाट मोकळी.