बंदिश बांधायला कोण शिकवतं?

गाण्याचे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. कुठे शास्त्रीय, कुठे सुगम, कुठे टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी तयारी करून देणारे. ‘येथे बंदिश बांधायला शिकवली जाईल’ अशी पाटी मात्र कुठे दिसत नाही. तरीही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी गवयांनी बांधलेल्या बंदिशी आज देशभर गायल्या जातात. हे कसब आलं कुठून? मला वाटतं, ते शिकवण्याच्या अडचणीतून आलं. शिकवताना गुरूला जे कमी पडलं ते त्यानं रचलं, आणि शिष्य ती चीज घोकता घोकता तिची वीणही शिकला.

पहिलं ठळक उदाहरण भातखंड्यांचं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशानं वकील. खानदानी गवयांकडून मिळवलेल्या चिजा त्यांनी स्वरलिपीत बांधल्या, त्यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ सहा भागांत निघाली. पण वर्गात बसलेल्या मुलाच्या डोक्यात राग कसा उतरवायचा, हा प्रश्न होताच. त्यासाठी त्यांनी ‘चतुर’ या मुद्रेनं, म्हणजे गीतात गुंफलेल्या टोपणनावानं, लक्षणगीतं रचली. रागाचा थाट कोणता, वादी-संवादी कोणते, वर्ज्य काय, गायचा कोणत्या वेळी, हे सगळं त्या गीताच्या शब्दांत आणि चाल त्याच रागात. काव्य म्हणून ही गीतं बेताचीच, पण शिकवणीचं साधन म्हणून बिनतोड. व्याख्या पाठ होते तेव्हाच चलनही गळ्यावर चढतं. रचना हा अध्यापनाचा भाग असू शकतो, हे आधुनिक काळात इतक्या उघडपणे आधी भातखंड्यांनीच दाखवलं.

त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या वाटेनं बरेच पुढे गेले. या लेखातला माझा खरा नायक तेच. मुंबईचा हा माणूस, गुरू एकीकडे भातखंडे आणि दुसरीकडे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ. म्हणजे एका हातात शास्त्राची वही आणि दुसऱ्या हातात मैफिलीची पेटती मशाल. १९२६ साली लखनौला संगीत शिकवणारं मॅरिस कॉलेज सुरू झालं. त्याचं प्राचार्यपद त्यांनी पुढे दीर्घकाळ सांभाळलं. कॉलेजात वर्षाला ठरावीक राग शिकवायचे असतात. एखाद्या रागात विलंबित ख्याल असतो, पण द्रुत सापडत नाही. एखाद्या अनवट रागात एकुलती एक चीज असते, तीही भाषा झिजून गेलेली. अशा रिकाम्या जागा रातंजनकर ‘सुजन’ या मुद्रेनं भरत गेले. ख्याल, तराणे, लक्षणगीतं, इतकंच काय, कर्नाटक पद्धतीच्या वर्णमाच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांत बांधलेल्या रचनाही. ‘अभिनव गीतमंजरी’ हा त्यांचा बंदिशींचा संग्रह. काही जण त्यांना ‘पंडिती’ म्हणून बाजूला सारतात. पंडिती तर ते होतेच, पण त्यांच्या बंदिशी गाऊन पाहाव्यात. राग कुठून दिसतो हे त्या बोट धरून दाखवतात.

म्हणजे नेमकं काय दाखवतात? देशकार घ्या. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. नवशिक्याला देशकारात चीज बांधायला सांगा. तो स्वर सगळे बरोबर लावील, पण सम नकळत गंधारावर आणून ठेवील, आणि लगेच भूप डोकावेल. ज्यानं देशकारातल्या तीन-चार पक्क्या बंदिशी नीट घोकल्या आहेत त्याचा मुखडा आपोआप धैवत-पंचमाभोवती फिरतो, रिषभावर रेंगाळत नाही, गंधाराला स्पर्श करून निघून जातो. हा नियम त्याला कुणी वेगळा सांगितलेला नसतो. तालाचंही तसंच. तीनतालातली द्रुत चीज बहुधा नवव्या मात्रेवरून, खालीवरून उठते. गुरूनं दोन चिजा सातव्या किंवा बाराव्या मात्रेवरून उठणाऱ्या दिल्या की शिष्याला कळतं, उठाव बदलला की समेवर येण्याचा वेग बदलतो, त्याबरोबर मिजाजही. समेवरचं अक्षर शक्यतो दीर्घ हवं, म्हणजे आवाजाला टेकायला जागा मिळते. ऱ्हस्व अक्षरावर सम आली तर गाणारा तिथे अडखळतो किंवा शब्द मोडतो. अशा बारीकसारीक गोष्टी फळ्यावर लिहून शिकवता येत नाहीत. शंभर चिजा गाऊन झाल्यावर एकशेएकावी बांधताना त्या हाताशी येतात.

रातंजनकरांच्या शिष्यांत के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर. गिंडे कोवळ्या वयात लखनौला गुरूच्या घरीच राहायला गेले. पुढे मुंबईत शीवच्या वल्लभ संगीतालयात त्यांनी पिढ्या घडवल्या. त्यांच्या भांडारात दोन हजारांच्या घरात बंदिशी होत्या असं सांगतात. हा माणूस स्वतः रचू लागला तेव्हा मुद्रा घेतली ‘सुजनसुत’. कैकिणी झाले ‘दिनरंग’.

दुसरी परंपरा कॉलेजाबाहेरची, बैठकीतली. आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’ या नावानं रचत. त्यांचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित झाले ‘गुणिदास’. बुवांचं शिष्यमंडळ नुसतं वाचलं तरी चक्रावायला होतं: राम मराठे, माणिक वर्मा, सी. आर. व्यास, यशवंतबुवा जोशी, जितेंद्र अभिषेकी. यातल्या एकाचंही गाणं दुसऱ्यासारखं नाही. गुरूची नक्कल हीच परीक्षा असती तर हे सगळे नापास झाले असते. बुवांनी जोगकंस घडवला. जोगातले दोन गंधार आणि चंद्रकंसातले कोमल धैवत, शुद्ध निषाद एकत्र आणले. दोन राग असे जोडले की सांधा दिसत नाही. ज्यांनी तो राग बुवांकडून घेतला त्यांना राग कसा घडतो हेही कळलं असणार. व्यासांनी पुढे ‘गुणिजान’ या मुद्रेनं बंदिशी बांधल्या, धनकोनी कल्याण घडवला. राम मराठ्यांनी ‘मंदारमाला’ या नाटकाला चाली दिल्या.

अभिषेकींची वाट तर थेट नाटकात गेली. मंगेशीच्या या गोंयकारानं १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ला संगीत दिलं. ते नाटक मुळी शिकवणं आणि शिकवणं नाकारणं यावरच आहे. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या तोंडी येतं, एकदा धानीत, एकदा सालगवराळीत. सालगवराळी हा रातंजनकरांनी घडवलेला राग. लखनौच्या कॉलेजातल्या गुरुजींचा राग वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून मराठी नाट्यगृहात टाळ्या घेऊ लागला. अभ्यासक्रम रूक्ष असतो असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

बी. आर. देवधरांची तऱ्हा आणखी निराळी. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या या शिष्यानं शाळा काढली ती मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ. स्वतः अनेक घराण्यांचं ऐकलं, टिपलं, आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास केला आणि शिष्यांना एकाच घराण्याच्या दावणीला बांधलं नाही. या मोकळीकीचं सर्वांत मोठं फळ म्हणजे कुमार गंधर्व. क्षयानं आजारी कुमार १९४८ साली देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद. तिथे कानावर माळव्याची लोकगीतं पडत राहिली. त्यातून धुनउगम राग आले, माळवी बोलीतल्या बंदिशी आल्या. १९६५ साली मौज प्रकाशनानं त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ काढलं. बंदिशींचं इतकं देखणं पुस्तक त्याआधी मराठीत नव्हतं. एका रागात पाच-सहा चिजा हव्यात, कारण प्रत्येक चीज त्याच रागाचं वेगळं अंग दाखवते, ही कुमारांची धारणा होती. शिकवतानाही म्हणूनच रागापेक्षा बंदिश आधी.

आता परीक्षांकडे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांवर टीका करायची आपल्याकडे रीतच पडली आहे. १९३१ साली स्थापन झालेल्या या मंडळानं प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत लाखो मध्यमवर्गीय मुलामुलींना गाण्यापर्यंत नेलं, हे मला फार मोठं वाटतं. तक्रार आहे ती एवढीच की या मुलांना बंदिश ‘पूर्ण’ मिळते. ती तोडून, उठाव बदलून, अंतरा नव्यानं बांधून पाहायला कुणी सांगत नाही. गुरूजवळ बसलेल्या शिष्याला हा खेळ सहज मिळे.

आणि एक गोष्ट. वर आलेल्या मुद्रा पाहा: चतुर, सुजन, प्राणपिया, गुणिदास, गुणिजान. सगळे पुरुष. बंदिशींत मात्र बोलते ती बाई: सासू-नणंदेला भ्यालेली, रुसलेली, रात्रभर जागणारी. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी या चौकटीला हात घातला. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे शिकलेल्या, सरगम या विषयावर डॉक्टरेट केलेल्या, एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभाग चालवलेल्या प्रभाताईंनी शब्द सोपे ठेवले, आशय आजचा शोधला. ‘स्वरांजनी’, ‘स्वररंगी’सारख्या पुस्तकांतून त्या रचना छापून आल्या, म्हणजे पुन्हा वर्गातच आल्या. त्यांची मारू बिहागातली आणि कलावतीतली चीज आज विशीतल्या मुली गातात.