तूट आणि वाढ

जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रामाणिकपणा शिकवायची ठरलेली वेळ म्हणजे परिपाठ. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, मग बोधकथा. लाकूडतोड्याची कुऱ्हाड दरवर्षी न चुकता पाण्यातून वर येते, मुलं एका सुरात तात्पर्य म्हणतात आणि वर्गात शिरल्या शिरल्या खोडरबरावरून झोंबतात. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत मात्र हा विषय व्हरांड्यात, एका फळीवर मांडून ठेवलाय.

फळीवर पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, पट्ट्या, दुरेघी-चौरेघी वह्या. शेजारी झाकणाला चीर पाडलेला चहापत्तीचा डबा, पुठ्ठ्यावर लिहिलेले भाव आणि सुतळीने बांधलेली उधारीची वही. दुकानदार कुणीच नाही. वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे, नसतील तर वहीत नाव लिहायचं. असली दुकानं बऱ्याच शाळांनी काढून पाहिली आहेत. उद्घाटनाचा फोटो निघतो, चार दिवस कौतुक होतं, मग डब्यात पैसे कमी भरतात आणि फळी रिकामी होते. इथे ती रिकामी झाली नाही, कारण इथल्या सरांना दुकानापेक्षा संध्याकाळच्या हिशेबात जास्त रस आहे.

शाळा सुटायच्या आधी चौथीची दोन पोरं डबा सतरंजीवर उपडा करतात. नाण्यांच्या चवडी लागतात. उरलेला माल मोजायचा, सकाळच्या मालातून वजा करायचा आणि फळ्यावर लिहायचं. मी पाहिलं त्या दिवशी असं होतं: विक्री ४६, उधारी ३, डब्यात ३६, तूट ७.

आता दप्तरं उघडायला लावतील, असं मला वाटलं. आपल्या पिढीने तेच पाहिलंय. सगळे उभे राहा, खिसे उलटे करा. सरांनी ‘कुणी केलं?’ असं विचारलंच नाही. ते म्हणाले, “कशामुळं झालं असंल?”

या प्रश्नाला उत्तरं येतात. पेन्सिल तीन रुपयांची आणि हातात दोनाचं नाणं. उरलेला रुपया उद्या टाकू म्हणून राहिलेला. कुणी पाचाचं नाणं टाकलं आणि परत घेताना जास्तच घेतले. सगळ्यात मोठं भोक पहिलीकडून पडलं होतं. त्या मुलांना अजून नावच लिहिता येत नव्हतं, मग उधारी लिहिणार कुठून? त्यांनी वस्तू घेतली होती आणि मनातल्या मनात उधारी ठेवली होती. भाव बदलून दोन, पाच आणि दहा केले. पहिलीतल्या प्रत्येकाला एक चित्र दिलं, पतंग, मासा, छत्री. त्यापुढे रेघ ओढली की झाली उधारी. तूट बरीच खाली आली. आपण ज्याला सर्रास चोरी म्हणतो त्यात सुट्ट्या पैशांचा भाग किती असतो, हे पाहण्यासारखं आहे.

तरी थोडी तूट उरलीच. ती खरी तूट. तिच्यावर सरांचा इलाज एवढाच की आकडा फळ्यावर राहू द्यायचा. एकदा दुसऱ्या दिवशी हिशेब करणारी पोरगी ओरडली, “सर, डब्यात जास्तच निघाले की!” वाढ ५. ती कुणाची, हेही विचारलं नाही. तुटीच्याच मापाच्या अक्षरांत वाढ लिहिली गेली. टाळ्या नाहीत.

टाळ्या बंद करण्यामागे अनुभव आहे. पूर्वी सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याचं नाव परिपाठात घेत, सगळे टाळ्या वाजवत. काही दिवसांत वस्तू फारच सापडायला लागल्या. पोरं घरून स्वतःचीच पेन्सिल आणून ‘सापडली’ म्हणून जमा करत होती! वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता. मदतीबद्दल ज्यांना खेळणं मिळालं, ती बाळं पुढे कमी मदत करू लागली. सरांनी तो वाचलेला नाही. त्यांना पेन्सिलींनीच सांगितलं.

बोधकथेचंही तसंच. कांग ली आणि व्हिक्टोरिया तलवार यांच्या गटाने २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून मग त्यांचा खरेपणा तपासला. खोटं बोलल्यावर नाक वाढणारा पिनोकिओ आणि ‘लांडगा आला रे आला’ यांचा काही परिणाम झाला नाही. चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांकडून शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. शिक्षा मुलाला एवढंच शिकवते की पुढच्या वेळी सापडू नकोस. खरं बोलून वाचता येतं हे ज्याला कळलंय तोच खरं बोलतो. मोठ्यांचंही याहून वेगळं नसतं म्हणा.

औदार्याचा धडा जास्त अवघड. दुकानात थोडा नफा उरतो, कारण माल तालुक्याहून घाऊक भावात येतो. तो गरिबांना वाटू या, असं मुलं हौसेने सुचवतात. सर हसतात. डब्यातले पैसे वाटताना कुणाच्याच खिशाला चाट बसत नाही. नफ्यातून पुन्हा मालच आणायचा, द्यायचं ते आपल्यातलं, असा त्यांचा नियम.

या भागातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. तिसरीतला एक मुलगा आईवडिलांबरोबर असाच कारखान्यावर गेला आणि वहीत त्याच्या नावावर १२ रुपये राहिले. बालसभेत विषय निघाला. एक जण म्हणाला, माफ करून टाकू. चौथीतली एक मुलगी उसळली, “माफ कशाला? तो काय बुडवणार हाय?” दुसऱ्याने स्वतःच्या पैशांतून भरायची तयारी दाखवली. तेही तिला पटेना. तो आल्यावर वहीत आपलं नाव खोडलेलं बघेल, त्याला कसं वाटेल? सर गप्प बसून होते.

शेवटी उधारी तशीच ठेवायची ठरली. गावातून कारखान्यावर जाणाऱ्या माणसाबरोबर त्याला दोन वह्या पाठवायचंही ठरलं, त्यासाठी वर्गणी जमली. त्या वह्यांवर ‘भेट’ लिहायचं की काहीच लिहायचं नाही, यावर मी निघालो तेव्हाही जोरात वाद चालू होता.