बिघडलेल्या फोटोंचा पंचनामा

दिवाळीच्या ऑफर लागल्या किंवा लडाखची तिकिटं काढून झाली, की हौशी फोटोग्राफरच्या मनात एक प्रश्न हटकून डोकं वर काढतो : आता बॉडी बदलावी का? बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा. सेन्सर, प्रोसेसर आणि फोकसची यंत्रणा तिच्यात असते. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण जाहिरातीत किंवा यूट्यूबवरच्या तुलनेत शोधतात. तिथे नवं मॉडेल जिंकणार हे ठरलेलंच असतं, कारण तिथे दोन यंत्रं समोरासमोर असतात आणि तुमचे फोटो कुठेच नसतात. खरं तर या निर्णयाला लागणारा पुरावा तुमच्याच हार्ड डिस्कवर पडलेला आहे. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये शटर स्पीड, ॲपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ यांची नोंद आपोआप होते. मागच्या दोन-तीन प्रवासांत वाया गेलेले फोटो काढून या नोंदी वाचल्या, तर दोष कुणाचा याचा बराचसा उलगडा होतो. तो बॉडीचा निघाला, तरच बॉडी बदलण्यात अर्थ आहे.

उदाहरणादाखल निकॉनची डी७५० घेऊ. २०१४ साली आलेली ही फुल फ्रेम डीएसएलआर अजून अनेकांच्या बॅगेत आहे, आणि तिच्या मालकाला खुणावते ती २०२४ची मिररलेस झेड६ थ्री. मधल्या दहा वर्षांत मेगापिक्सेल २४.३ वरून २४.५ वर गेले, म्हणजे होते तिथेच राहिले. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या नेहमीच्या हिशेबाने डी७५०चा फोटो सुमारे २० बाय १३ इंच छापता येतो. फोर-के टीव्हीला जेमतेम ८३ लाख पिक्सेल पुरतात, आणि या फाइलमध्ये ते २ कोटी ४० लाखांच्या वर आहेत. समजा, ४५ मेगापिक्सेलची बॉडी घेतली, तरी जवळपास दुप्पट झालेला तो आकडा क्षेत्रफळाचा असतो. लांबी-रुंदीत बारकावा वाढतो तो साधारण ३७ टक्के. भिंतभर प्रिंट काढणाऱ्याला तो उपयोगी पडेल. व्हॉट्सॲपवर आणि टीव्हीवर फोटो दाखवणाऱ्याला तो दिसणारसुद्धा नाही.

मिररलेस हलकी असते, हे दुसरं गृहीतक. बॅटरी आणि कार्डासह डी७५० भरते ८४० ग्रॅम, झेड६ थ्री ७६० ग्रॅम. जुन्या लेन्स लावायला एफटीझेड टू हा अडॅप्टर घेतला, की त्याचे १२५ ग्रॅम वाढतात आणि नवा कॅमेरा जुन्यापेक्षा जड होतो. शिवाय या अडॅप्टरला फोकसची मोटर नाही. त्यामुळे ५० एमएम एफ/१.८ डी ही जुनी, स्वस्त आणि गुणी लेन्स, जी डी७५०च्या बॉडीतल्या मोटरवर फोकस करते, ती झेडवर हातानेच फिरवावी लागते. बॅटरीचंही तसंच. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीत डी७५० एका चार्जमध्ये १,२३० फोटो काढते. झेड६ थ्री चारशेच्या आसपासच थांबते. प्रत्यक्षात दोन्हीतून याहून जास्त फोटो निघतात, पण डी७५० पुढेच राहते. स्पितीच्या थंडीत, जिथे बॅटरी तशीही लवकर उतरते, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो. तेव्हा बॉडीच्या किमतीत जादा बॅटऱ्या आणि पुढेमागे नव्या लेन्स यांचा खर्च धरूनच हिशेब मांडायला हवा.

आता प्रकाशाकडे येऊ, कारण प्रवासातले बरेच फोटो अंधारातच बिघडतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिलं, की फ्लॅशला बंदी असते आणि चित्रांच्या जपणुकीसाठी उजेडही मंद ठेवलेला असतो. समजा, एफ/४च्या झूम लेन्सने तिथे १/१५ सेकंद आणि आयएसओ ६४०० वर फोटो काढला. फोटोत दाणे येणार, कारण मूळ अडचण अपुऱ्या प्रकाशाची आहे आणि त्याच आकाराचा नवा सेन्सर तो प्रकाश फारसा वाढवू शकत नाही. एफ/१.८ची लेन्स मात्र एफ/४च्या जवळपास पाचपट प्रकाश आत घेते. त्याच शटर स्पीडला आयएसओ १२५० च्या आसपास येतो. भिंत सपाट असल्यामुळे उघड्या ॲपर्चरवर फोकसची खोली कमी होते, त्यानेही फारसं अडत नाही. २०२३ साली लाइटरूममध्ये एआयवर चालणारी डिनॉइजची सोय आली. ती दहा वर्षांपूर्वीच्या रॉ फाइलवरचे दाणेही सफाईने काढते. यावर कुणी म्हणेल, नव्या बॉडीत सेन्सरच हलून हाताची थरथर सावरतो, मग अर्ध्या सेकंदाचा फोटोही हातात धरून निघेल. पद्मपाणीचा निघेल, कारण तो हलत नाही. तिन्हीसांजेला दिंडीत फुगडी घालणाऱ्या वारकऱ्यांचा निघणार नाही. हे स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, समोरच्याचे पाय नाही.

तरीही एका बाबतीत नवी बॉडी जुनीला खरोखर मागे टाकते, ती म्हणजे फोकस. डी७५०चे ५१ फोकस बिंदू फ्रेमच्या मध्यभागी दाटीने बसले आहेत; कडेला असलेल्या विषयावर फोकस करायचा, तर कॅमेरा वळवून पुन्हा फ्रेम जुळवावी लागते. झेड६ थ्री जवळपास संपूर्ण फ्रेमभर माणसाचा, प्राण्याचा, पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करते. भिगवणला उडत्या रोहित पक्ष्यांचे किंवा ताडोब्यात जिप्सीतून गवताआडच्या वाघाचे फोटो काढणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळेल. मात्र ज्याचा प्रवास किल्ले, घाट, देवळं आणि बाजारपेठा यांतून जातो, त्याच्या फोटोत डोळ्याचा असा पाठलाग करण्याची वेळ किती वेळा येते, हे त्याने स्वतःलाच विचारावं.

आणखी दोन आक्षेप दखल घेण्यासारखे आहेत. जुनी बॉडी आज विकली नाही तर उद्या तिला किंमत येणार नाही, हा पहिला. ते खरं आहे, पण किंमत नव्या बॉडीचीही उतरतेच. बाजारात आली तेव्हा भारतात अडीच लाखांच्या घरात असलेल्या बॉडीची पहिल्या दोन वर्षांतली घट जुन्या बॉडीच्या उरल्यासुरल्या किमतीपेक्षा मोठी असू शकते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : कंपन्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे, मग डीएसएलआरच्या लेन्सवर पैसे का घालावेत? महागड्या लेन्सवर घालू नयेतच. पण वापरलेली ५० एमएम एफ/१.८ ‘जी’ लेन्स घेतली, तर तिच्या आतच मोटर असल्यामुळे पुढे अडॅप्टरवरही ती आपोआप फोकस करते. म्हणजे आज घातलेला पैसा उद्याही उपयोगी पडतो. शटर निकामी होऊ लागलं किंवा सुटे भाग मिळेनासे झाले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बॉडी बदलणं गरजेचंच ठरतं.

म्हणून खरेदीआधी एक संध्याकाळ काढून शंभरेक वाया गेलेल्या फोटोंचा पंचनामा करावा. शटर स्पीड १/१५ आणि माणसं पुसट, तर जास्त उजेड घेणारी लेन्स हवी. फोटो हलला, पण विषय स्थिर होता, तर कठड्याचा आधार किंवा छोटा ट्रायपॉड पुरेल. सगळं नीट असून दुपारी बाराच्या उन्हात चेहरे काळवंडले, तर पहाटे उठावं. त्याला पैसे पडत नाहीत. शटर स्पीड १/२००० असूनही पक्ष्याचा डोळा धूसर आणि मागचं गवत स्पष्ट, असे फोटो गठ्ठ्याने निघाले, तर मात्र फोकस चुकतो आहे. मग पुण्या-मुंबईत कॅमेरे भाड्याने मिळतात, तिथून नवी बॉडी दोन दिवस आणून तोच पक्षी पुन्हा टिपावा. तिने तो पकडला, तर बेलाशक विकत घ्यावी. आणि शंभरातले पाच-सातच फोटो बॉडीने बिघडवले असतील, तर तेच पैसे आणखी काही प्रवासांना पुरतील. चांगल्या फोटोंची संख्या त्यानेच जास्त वाढेल.