प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर कसं द्यावं?

आजच्या विषयावर चर्चमध्ये कमी आणि बडनेऱ्याच्या स्टेशनावर, ऑफिसात, शेजारच्या ओट्यावर जास्त बोललं जातं. ख्रिस्ती माणसाला तीन प्रश्न हमखास विचारतात. हा परक्यांचा धर्म नाही का? तो आमिष दाखवून वाढला ना? आणि येशू मेलेल्यांतून उठला, याला पुरावा काय? आज इथे विश्वास ठेवणारे आहेत, न ठेवणारेही आहेत. आपण तिन्ही प्रश्न सरळ घेऊ.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या 15व्या वचनात, असा उपदेश आहे की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या. पहिला भाग बऱ्याच जणांना पाठ असतो. वाद तापला की दुसरा विसरतो.

वादाचं काय होतं, ते मराठी इतिहासातच पाहा. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तांत इंग्रजीत छापला. बुवांच्या बाजूनंही मराठीत पुस्तक निघालं. जिंकलं कोण? वाचणारा आजही ते आपापल्या बाजूनं ठरवतो.

आता नीलकंठशास्त्री गोरे यांचं उदाहरण घ्या. काशीत राहणाऱ्या या मराठी पंडितानं ख्रिस्ती मताचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. खंडन करायचं तर समोरच्याचं म्हणणं नीट वाचावं लागतं. ते वाचता वाचता त्यांचं मन बदललं आणि 1848 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते फादर नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही, तरी पंडिता रमाबाईंच्या प्रश्नांना त्यांनी लिहिलेल्या उत्तरांचा बाईंना आधार वाटला. म्हणून शंका घेणारा माणूस श्रद्धेचा शत्रू आहे, असं आम्ही मानत नाही.

पहिला प्रश्न परकेपणाचा. मिशनरी परदेशातून आले, राज्य इंग्रजांचं होतं, हे नाकारू नये. पण सांगणारा कुठला आणि सांगितलेलं खरं की खोटं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बुद्धाचा धम्म इथून जपानला गेला, म्हणून जपानी माणसाला तो परका झाला का? शिवाय फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली मराठी ओवीत छापून निघालं, तेव्हा पेशवाईसुद्धा यायची होती. रमाबाई इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, पण गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी तिथल्या सिस्टरांशी घातला.

दुसरा प्रश्न आमिषाचा. हा टाळला तर आपलं पुढचं कोणी ऐकणार नाही. रमाबाईंनी 1889 साली शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे धर्माची सक्ती होणार नाही असं ठरलं होतं. पुढे काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. 1893 साली पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, यायचं त्यांनी यावं. पालकांची भीती खोटी नव्हती आणि रमाबाईंचा हेतूही खोटा नव्हता. दोन्ही बाजू सांगितल्या तरच ते उत्तर होतं.

कायद्यानंही इथे रेघ ओढली आहे. धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क घटनेच्या 25व्या कलमात येतो, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली म्हटलं. आमची कसोटी आणखी साधी आहे. भाकर घेणारा चर्चला येत नाही म्हटल्यावर भाकर बंद झाली, तर ती सेवा नव्हती, सौदा होता.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. येशूला पिलाताच्या काळात मृत्युदंड झाला, हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं, आणि तो ख्रिस्ती नव्हता. पौलानं करिंथकरांना पत्र लिहिलं ते इ.स. 55च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पंचविसेक वर्षांनी. उठलेल्या येशूला कोणी कोणी पाहिलं, त्यांची यादीच तो देतो आणि त्यांतले पुष्कळ अजून हयात आहेत असंही म्हणतो. शिष्यांचा तसा ठाम विश्वास होता, इथपर्यंत इतिहास आपल्याला नेतो. देवानंच त्याला उठवलं, हे म्हणणं त्यापुढचं पाऊल आहे, आणि ते विश्वासानंच टाकावं लागतं. जो तिथे थांबतो त्याला अप्रामाणिक म्हणू नका.

आपल्या बडनेऱ्यावरून जाणारी हीच लाइन नागपूरच्या पुढे राजनांदगावला जाते. 1893 साली त्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांशी आदरानं बोलून त्यांना नवा करार दिला. वाद जिंकला नाही, पुस्तक हातात ठेवलं. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि घर मोडलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर त्या परत आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद मनातून कसा गळून पडला हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सांगितलं आहे. त्यांनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर.

आपल्याही घरात मुलगा, सून, जावई वेगळं मानणारे असतील. त्यांना लक्ष्मीबाईंइतका वेळ द्या. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि न मानणाऱ्यांनी आधी विचारावं.