गाडी गरम होतेय? इंजिन उघडण्याआधी झाकण तपासा

परभणीहून गंगाखेडला जाताना आमच्या जुन्या डिझेल गाडीचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मेकॅनिक म्हणाला, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल." खर्च ऐकूनच घाम फुटला. म्हटलं, आधी तपासून तर बघू.

कूलंटची यंत्रणा म्हणजे प्रेशर कुकरच. झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही, कूलंट उकळून बाहेर पडतं. गॅस्केट गेलं तर उलटं होतं. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतो आणि दाब नको तितका वाढतो.

मग ओळखायचं कसं?

१. सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या पातळीचा मोबाईलवर फोटो काढा. रोज त्याच जागेवरून.
२. इंजिन सुरू करून दोन मिनिटांनी रेडिएटरचा वरचा पाईप दाबून बघा. फॅनपासून हात लांब ठेवा. इंजिन तापायच्या आतच पाईप कडक झाला, टाकीत बुडबुडे थांबतच नसतील, तर संशय गॅस्केटवर.
३. पाईप मऊ, पण गाडी तापल्यावर झाकणापाशी ओल? आधी झाकण बदला.

तरी शंका असेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या.

आमचं झाकणच गेलं होतं. तेवढ्याच बारचं नवीन बसवलं. आठवडाभराच्या फोटोंत पातळी हलली नाही.

आणि हो, गरम गाडीचं झाकण कधीच उघडू नका. उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.