कास तलाव

कास तलाव हा महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील सह्याद्रीच्या डोंगररांगेत असलेला गोड्या पाण्याचा जलाशय आहे. सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, कास पठारालगत तो वसला आहे. स्वच्छ पाणी आणि काठावरील दाट झाडी यांमुळे तो पर्यटकांमध्ये लोकप्रिय असला, तरी त्याचे मूळ प्रयोजन पर्यटन नसून सातारा शहराचा पाणीपुरवठा हे आहे. त्यामुळे येथील भेटीचे नियोजन करताना हा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, ही बाब प्रथम लक्षात घ्यावी लागते.

इतिहास

सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. मराठा राजवटीत यवतेश्वरच्या डोंगरावरून शहरात पाणी आणले जात असे. वाढत्या वस्तीसाठी ब्रिटिश राजवटीत कास येथे बांध घालून तलाव निर्माण करण्यात आला. तलाव शहरापेक्षा बराच उंचावर असल्याने पाणी उपसण्यासाठी यंत्रांची गरज भासली नाही. डोंगराच्या कडेने काढलेल्या उघड्या पाटातून ते केवळ उताराच्या बळावर शहरात पोहोचत असे. पुढे पाटाची जागा बंदिस्त जलवाहिनीने घेतली. अलीकडच्या काळात धरणाची उंची वाढवून साठवणक्षमतेत मोठी भर घालण्यात आली आहे.

पाण्याची स्वच्छता

कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. बेसाल्ट खडकावर जांभ्याचा कठीण थर आणि त्यावर मातीचा अतिशय पातळ पापुद्रा, अशी त्याची रचना आहे. सभोवतालचे जंगल माती धरून ठेवते. त्यामुळे तलावात गाळ कमी येतो. पावसाळ्यात पाणी काहीसे गढूळ होते. पाऊस ओसरल्यावर गाळ तळाशी बसून ते पुन्हा नितळ दिसू लागते.

भेटीसाठी योग्य काळ

जून ते ऑगस्ट या काळात येथे मुसळधार पाऊस आणि दाट धुके असते. तलाव दृष्टीस पडेलच असे नाही, शिवाय घाटरस्त्यावर दरडींचा धोका असतो. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पठारावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद इत्यादी फुलांचा बहर असतो. टोपली कारवी मात्र साधारण सात वर्षांतून एकदाच सामूहिकरीत्या फुलते. केवळ तलाव पाहावयाचा असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक सोयीचा आहे. या काळात हवा कोरडी, पाणी नितळ आणि गर्दी कमी असते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खालावते.

मार्ग

साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने बामणोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रथम कास पठार आणि त्यानंतर तलाव लागतो. बामणोलीकडे जाणाऱ्या एस.टी. बस याच मार्गाने जातात; परंतु त्यांच्या फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ सातारा बसस्थानकावर आधीच विचारून घ्यावी. सांगलीहून येणाऱ्यांना कराडमार्गे साताऱ्यास येता येते. पुणे–मिरज लोहमार्गावरील सातारा स्थानक शहरापासून काही अंतरावर, माहुली परिसरात आहे.

प्रवेश व नियम

फुलांच्या हंगामात पठारावरील दैनंदिन पर्यटकसंख्या मर्यादित ठेवली जाते आणि प्रवेशशुल्क आकारले जाते. त्यासाठी ऑनलाइन नोंदणीची सोय आहे. शनिवार-रविवारी मोठी गर्दी होत असल्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर जाणे इष्ट ठरते.

तलावात पोहणे, कपडे किंवा वाहने धुणे, काठावर अन्न शिजवणे आणि उष्टे वा प्लास्टिक टाकणे कटाक्षाने टाळावे. काठावर पडलेला कचरा पावसाच्या पाण्याबरोबर तलावात उतरतो. पाणी शुद्ध करूनच शहराला दिले जात असले, तरी स्रोत जितका दूषित, तितके ते काम कठीण होते. पठारावर पायवाट सोडू नये. खडकावरील पातळ माती एकदा तुडवली गेली की तेथे पुन्हा फुले उगवण्यास दीर्घ काळ लागतो.

परिसर

कास पठाराचा २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य ही महाराष्ट्रातील अन्य स्थळेही त्याच यादीत आहेत. यांपैकी चांदोलीचा काही भाग सांगली जिल्ह्यात मोडतो. कासच्या पुढे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली हे गाव आहे. तेथून नावेने जलाशय ओलांडून वासोटा किल्ल्याकडे जाता येते. त्यासाठी वनविभागाची परवानगी लागते व पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. भांबवलीचा वजराई धबधबा, ठोसेघर धबधबा आणि सज्जनगड ही परिसरातील अन्य ठिकाणे होत.