एका मुलामागे चार फुटबॉल

ऑस्ट्रेलियात फुटबॉल चार आहेत. अंडाकृती मैदानावर 18 विरुद्ध 18 असा रंगणारा ऑस्ट्रेलियन रूल्स, 13 जणांची रग्बी लीग, 15 जणांची रग्बी युनियन आणि आपल्या ओळखीचा 11 जणांचा सॉकर. मुलांसाठी चारही खेळांचा हंगाम हिवाळ्यातच येतो, आणि पोरं मात्र तीच असतात. त्यामुळे ओढाओढ शाळेच्या मैदानापासूनच सुरू होते.

1978 मध्ये इतिहासकार इयान टर्नर यांनी देशाच्या नकाशावर एक काल्पनिक रेषा ओढली आणि तिला रॉन बरासी या गाजलेल्या खेळाडूचं नाव दिलं. रेषेच्या एका बाजूला मेलबर्न, अ‍ॅडलेड, पर्थ हा रूल्सचा मुलूख. दुसऱ्या बाजूला सिडनी, ब्रिस्बेन हा रग्बीचा. सॉकर दोन्हीकडे आहे, आणि मुलांच्या संख्येत तोच सगळ्यांच्या पुढे आहे.

रूल्सवाल्यांनी ही रेषा ओलांडायला आधी थैली मोकळी केली. रग्बी लीगचे तारे कारमायकल हंट आणि इस्रायल फोलाऊ यांना मोठ्या रकमा देऊन फोडलं. फोलाऊ 2012 मध्ये पश्चिम सिडनीच्या नव्याकोऱ्या जायंट्स संघाकडून 13 सामने खेळला, 2 गोल केले आणि हंगाम संपताच रग्बी युनियनकडे निघून गेला. नाव झालं, जाहिरात झाली. पण खेळ अंगात मुरायला लहानपण लागतं, ते कुठून आणणार?

त्या मानाने फळलं ते दुसरंच काम. रूल्सच्या सिडनी स्वान्स संघाने 2010 मध्ये अकादमी काढली आणि रग्बीच्या मुलखातली पोरं लहान वयातच हाताशी घेतली. न्यूकॅसलकडचा आयझॅक हिनी याच अकादमीतून वर आला आणि संघाचा आधारस्तंभ झाला. त्याच्याही खालची पायरी म्हणजे ‘ऑसकिक’, रूल्सचा लहान मुलांसाठीचा उपक्रम. पाच वर्षांपासूनची मुलं नाव नोंदवतात, त्यांना चेंडू आणि सॅक मिळते. मोठ्या सामन्याच्या मध्यंतरात ही चिमुरडी भरल्या स्टेडियममध्ये चेंडूमागे धावतात, कोण कुठल्या बाजूचा याचा पत्ता नसतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. त्या पोराला दुसऱ्या खेळाकडे वळवणं मग सोपं नाही.

सगळ्यात जास्त चुरस आहे पश्चिम सिडनीतल्या पॅरामॅटाच्या आसपास. लीगचा जुना ईल्स संघ इथलाच. त्याच्या अंगणात 2012 मध्ये रूल्सचे जायंट्स आणि सॉकरचे वॉन्डरर्स एकाच वर्षी उतरले. भारतीयांची इथे मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरंही आली. क्रिकेटवर वाढलेल्या या आईबापांना चारांपैकी कुठल्याच खेळाचं पिढीजात प्रेम नाही, म्हणून त्यांच्या मुलांवर सगळ्यांचाच डोळा.

मुलींची गोष्ट वेगळी. पर्थजवळची सॅम कर लहानपणी मुलांबरोबर रूल्स खेळायची. तिचा भाऊ तर त्या खेळातला नावाजलेला खेळाडू. पण मुलांच्या धसमुसळेपणात लागायला लागलं, तेव्हा बाराव्या वर्षी ती सॉकरकडे वळली आणि पुढे देशाची कर्णधार झाली. महिलांची रूल्स लीग आली ती थेट 2017 मध्ये. रूल्सने ही खेळाडू स्वतःच्या आळसाने गमावली, असं म्हटलं तर चुकणार नाही.

रग्बी युनियनची भिस्त सिडनी-ब्रिस्बेनच्या खासगी शाळांवर. जोसेफ सुआली शाळेत युनियन खेळून चमकला, पण लीगने त्याला उचललं आणि वयाची 18 पूर्ण होण्याआधीच खास परवानगी काढून मैदानात उतरवलं. त्याला परत आणायला युनियनने 2023 मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे 50 लाख डॉलरचा करार केल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये तो इंग्लंडविरुद्ध देशाकडून पहिला कसोटी सामना खेळला, आणि संघ जिंकलाही. पण तेवढ्या पैशात किती शाळांना प्रशिक्षक मिळाले असते, हा हिशेब युनियनला टाळता येणार नाही.

आता लीग उलट्या दिशेने निघाली आहे. पर्थ बेअर्स हा तिचा नवा संघ 2027 पासून रूल्सच्या बालेकिल्ल्यात खेळणार आहे. तिथे एखादा फोलाऊ विकत आणण्यापेक्षा लीगने आधी पर्थच्या प्राथमिक शाळांत प्रशिक्षक पाठवावेत.